ओवीचे बूट

सकाळी कणीक मळताना ओट्यावरचा मोबाइल वाजला. लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानाचा मेसेज होता. ‘ओवी आता पावलं टाकू लागली असेल! पहिल्या बुटांवर खास सवलत.’

ओवी बारशानंतर आठवडाभरातच गेली. बारशाची झबली फोनवरून मागवताना, घरात कुणालाही न सांगितलेलं तिचं नाव मी हौसेनं त्या दुकानाला सांगून बसले होते. आता घरात ते नाव कुणी काढत नाही. सासूबाईंनी दुपटीसुद्धा कुठे ठेवली, मला माहीत नाही. दुकान मात्र तिला वाढवतंय. तिथे ती पालथी पडली, रांगली, तिला दात आले.

आधी या मेसेजना उत्तर देता यायचं नाही. ते बोलणार आणि आपण ऐकायचं. किती चिडायचे मी! आज खाली नवी ओळ होती. मेसेज नको असल्यास ‘स्टॉप’ लिहून पाठवा.

“बंद करून टाक ना एकदाचं,” नवरा हळूच म्हणाला. त्याला माझं रडणं बघवत नाही.

कणकेच्या बोटांनी मी अक्षरं लिहिली आणि पुसली. सोय चांगलीच आहे, नको ते कुणाला ऐकावं लागू नये. पण ओवी गेली तेव्हा दवाखान्यात मला कुणी काही विचारलं नव्हतं. आता हे दुकान दर महिन्याला विचारणार, थांबवायचं का?

हात धुऊन मी बूट बघायला लागले. पिवळे छान होते. खाली पायाचं माप विचारलं होतं. ते मला माहीत नव्हतं.