येऊन राहिली

अख्खी नोकरी आणि अख्खा संसार एकाच वाक्यावर निभावून नेणारा दुसरा माणूस नागपुरात झाला नसेल. वाक्यही काही मोठं नव्हतं, दोनच शब्दांचं होतं; आणि पहिल्याच भेटीत मी त्यात तोंडघशी पडलो. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची गोष्ट. भूमापन खात्यात नकाशे काढायला म्हणून साताऱ्याहून माझी नागपूरला बदली झाली होती; आई, बायको, मुलं साताऱ्यालाच होती. पहिल्या दिवाळीला घरी निघालो आणि स्टेशनावरच्या चौकशीच्या खिडकीशी जाऊन विचारलं, "पुण्याची गाडी?" जाळीमागून, मान वर न करता, उत्तर आलं, "येऊन राहिली." आता आमच्याकडे एखादी आत्या 'येऊन राहिली' म्हणजे ती आली, तिने ट्रंक कॉटखाली सरकवली आणि महिनाभर तरी ती हलत नाही. गाडी फलाटावर येऊन उभी आहे, असं समजून मी वळकटी, पिशवी आणि संत्र्यांची करंडी घेऊन जिन्यावरून धावत सुटलो. करंडीची दोरी तुटली, संत्री पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेली, ती गोळा करणाऱ्या लोकांनी त्यातली निम्मी मला परत दिली. मी खाली पोहोचलो तर फलाट मोकळा. गाडी दोन तासांनी आली. त्या दोन तासांत मी रेल्वेला मनातल्या मनात बरंच काही बोललो. यात रेल्वेचा नव्हे, व्याकरणाचा दोष आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तेच गृहस्थ मला महिन्याभराने गयाबाईंच्या खाणावळीत भेटले. इतवारीच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत चार बाकं टाकून गयाबाई सावजी जेवण वाढत. काळा रस्सा, त्यावर तेलाची बोटभर तर्री, आणि जेवताना खांद्यावर टॉवेल हवाच, कारण दुसऱ्या घासाला नाकातून आणि तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी. माझी पहिल्या दिवशीची अवस्था पाहून समोरचे उंच, हडकुळे गृहस्थ म्हणाले, "पोळी मोठी तोडा, रस्सा कमी घ्या. पुण्याचे दिसून राहिले." मी सातारा म्हटलं. त्यांनी मान डोलवली. सातारा ही पुण्यातलीच एखादी पेठ असावी अशी त्यांची समजूत होती आणि ती शेवटपर्यंत तशीच राहिली. आवाज ऐकताच मी ओळखलं, खिडकीमागचा तोच आवाज. खाणावळीत त्यांना सगळे इन्क्वायरीभाऊ म्हणत. पुढे मीही म्हणू लागलो, आणि चार वर्षं, सुटीचे दिवस सोडले तर, रोज संध्याकाळी त्यांच्या समोर बसून जेवलो.

इतकं नेमाचं आणि इतकं कटकट करणारं गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या खाणावळीने टिकू दिलं नसतं. भाऊंचा पहिला घास हा एक सोहळाच असे. ते डोळे मिटत. आम्ही बाकीचेही नकळत चावायचे थांबत. आत चुलीपाशी गयाबाईंची पळी थांबे. मग निकाल येई. "बाई, सुंठ जास्त झाली." नाहीतर, "खसखस कच्ची राहिली." काहीच सापडलं नाही तर म्हणत, "सगळं बरोबर हाय, पण याच्यात ते नाही." ते म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. "ते म्हणजे ते. सांगता येत असतं तं बाईनं टाकलं नसतं काय?" एवढं बोलून गडी तीन वेळा रस्सा मागून घेई. गयाबाई वयाने त्यांच्याहून मोठ्या आणि तोंडाने फटकळ. त्या आतून ओरडत, "नाही जमत तं काहून येता जी रोज?" भाऊ शांतपणे ताट पुसून घेत म्हणत, "तुलना कराले." तिखट मात्र त्यांना कधी लागलं नाही. आम्ही सगळे टॉवेलात तोंड खुपसून हाश्शहुश्श करत असताना हा माणूस वरून मिरची चावे आणि त्याचे डोळे कोरडे ठणठणीत असत.

बोलणं सगळं रेल्वेचं. भाकरीला उशीर झाला की "आउटर सिग्नलले उभी असन." कोणी जेवून उठला की "लाइन क्लिअर." त्यांची जागा ठरलेली होती, दारासमोरच्या बाकावर, रस्त्याकडे तोंड करून. शेजारच्या जागेवर ते आल्याआल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याची घडी ठेवत. किती गर्दी असो, ती जागा कोणाला मिळत नसे. नवा माणूस विचारायचा, "कोनी येऊन राहिलं का?" भाऊ म्हणत, "येऊन राहिली." आणि घास घेत गल्लीच्या तोंडाकडे बघत. मला वाटे, रेल्वेतल्या माणसाला लागलेली ही सवय. घड्याळवाला नाही का, समोरच्याच्या मनगटाकडे बघत?

ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलं, "भाऊ, घरची मंडळी कुठे असतात?" ते म्हणाले, "भिवापूरले गेली होती, माहेरी. येऊन राहिली." मी आपला आनंदलो. गेली होती, आली, आता घरी आहे! मग वर्षभर मी मनात त्या माऊलीची कीव करत होतो. ती बिचारी घरात चूल पेटवून बसत असेल आणि हा माणूस रोज संध्याकाळी इथे येऊन गयाबाईंच्या सुंठीची चौकशी करतो. शेवटी एकदा, जोशाजोशात, भरल्या खाणावळीत मी त्यांना सुनावलंच, "भाऊ, रागावू नका, पण बायको घरात असताना रोज असं बाहेर जेवणं शोभतं का? एक दिवस तिच्या हातचं खाऊन बघा. तुमचं ते 'ते' तिथेच सापडेल."

खाणावळीत कोणी हसलं नाही. सगळ्यांची तोंडं ताटात गेली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग दुपट्ट्याच्या घडीकडे पाहिलं. ती घडी त्यांनी थोडी सरळ केली. मग आत बघून म्हणाले, "बाई, आज तिखट जास्त झालं." आणि डोळे पुसले. त्या दिवशी ते ताट तसंच टाकून उठले.

ते गेल्यावर गयाबाई पळी घेऊनच बाहेर आल्या. "काय बोलून बसले जी तुमी? कुठची बायको अन् कुठचं घर! सात वर्षं झाली तिले जाऊन." मी म्हटलं, "अहो, तेच म्हणाले, येऊन राहिली." बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे बाप्पा! येऊन राहिली म्हणजे येत हाय. आली नाही अजून." संत्री जिन्यावरून का घरंगळली, ते मला त्या क्षणी कळलं. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

गोष्ट अगदी एवढीशी होती. लग्नाला चार-पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एकदा भाऊंनी कचेरीतल्या मित्रांना घरी जेवायला बोलावलं. बायकोने दिवसभर खपून मटण केलं. मित्रांनी वाहवा केली आणि भाऊंना मस्करीची लहर आली. म्हणाले, "चांगलं हाय, पण गयाबाईच्या हातची चव नाही."  तिने सगळ्यांना शेवटपर्यंत वाढलं, भांडी घासून पालथी घातली आणि सकाळी पिशवी भरून म्हणाली, "जा मंग, तिच्याचकडं जेवा." इतवारी स्टेशनातून भिवापूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत बसून ती माहेरी गेली. बायकोची तेवढी एकच आज्ञा भाऊंनी आयुष्यात पाळली, पण ती तंतोतंत. आणि गयाबाईंकडेच, दारासमोरच बसण्याचं कारणही तेच. भिवापूरहून येणारी गाडी दिवेलागणीच्या आत इतवारीला लागे आणि उतरलेली माणसं याच गल्लीतून जात. दिवसभर साऱ्या हिंदुस्थानच्या गाड्यांची माहिती देणारा हा माणूस संध्याकाळी एकाच गाडीची वाट बघे, आणि तिची चौकशी मात्र त्याने कधी कोणाकडे केली नाही.

मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. "काहून? तुमच्या भाषेत ते बरोबरच होतं," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच मोकळेपणी बोलले. दर वर्षी हंगामात भिवापूरहून कोणाच्या तरी हाती लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या लाल मिरच्या येत. निरोप काही नसे. भाऊ त्या मिरच्या गयाबाईंना देत, त्याच मिरच्यांचा मसाला खात आणि तरी 'ते नाही' म्हणत. मिरची आली की आठवडाभर स्वारी खुशीत असे. "सिग्नल पडला. आता गाडी येतेच." मी म्हणायचो, "भाऊ, तुम्ही स्वतः का जात नाही आणायला?" यावर त्यांचं उत्तर तयार होतं, "गाडी लेट झाली म्हणून कोनी मागच्या स्टेशनात जाऊन तिले ढकलत आणते काय?" पण शर्टाच्या खिशात इतवारी ते भिवापूर आणि परत असा, दोन माणसांचा पास नेहमी असे. मुदत संपली की नवा काढत. आणि रोज सकाळी दाढी.

एक दिवस ते आपणहून म्हणाले, "एकटा गेलो अन् तिनं तोंडावर दार लावलं तं? तुमी संग राहिले तं लावणार नाही. पाव्हण्यासमोर ती दार लावणारी नाही." हे बोलायला त्यांना किती दिवस लागले असतील देव जाणे. मी म्हटलं, येत्या रविवारी जाऊ. त्यांनी शर्ट इस्त्रीला टाकला. गयाबाईंनी शिदोरी बांधून देते म्हणून सांगितलं. आणि शनिवारी माझ्या टेबलावर बदलीचा हुकूम आला: सातारा, ताबडतोब. रविवारी सकाळी भिवापूरला जाण्याऐवजी मी पुण्याच्या गाडीत बसलो. भाऊ तोच इस्त्रीचा शर्ट घालून मला पोहोचवायला आले होते. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "दिवाळी झाली की येतो. आपण जाऊच." ते म्हणाले, "पक्कं?" मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या भाषेत बोललो. म्हटलं, "येऊन राहिलो, भाऊ."

दिवाळी झाली. घरात आईचं आजारपण निघालं, मग मुलांच्या शाळा, मग कचेरी; कारणांना काय तोटा असतो? भाऊंचं कार्ड आलं: 'दिवाळी झाली. जागा ठेवली आहे.' मी लिहिलं, पुढच्या महिन्यात नक्की. मग आलं: 'संक्रांत झाली. जागा ठेवली आहे.' पुढे सणाचं नाव गळलं, नुसतं 'जागा आहे' एवढंच येऊ लागलं. मग तेही थांबलं. कार्ड थांबलं तेव्हा मला, खरं सांगतो, थोडं सुटल्यासारखंच वाटलं.

पाच वर्षांनी सरकारी कामासाठी नागपूरला जाणं झालं. संध्याकाळी इतवारीच्या गल्लीत शिरलो तेव्हा मी मनात वाक्यं जुळवत होतो. दारासमोरच्या बाकावर दोन अनोळखी माणसं जेवत होती. गयाबाई थकल्या होत्या, पण त्यांनी मला ओळखलं.  म्हणाल्या, "भाऊ गेले जी. मागच्या हिवाळ्यात. चार दिवसांचा ताप." मी खाली बसलो.

"ती आली होती," बाई म्हणाल्या. "तेराव्याले. त्याच छोट्या गाडीनं आली अन् पुसत पुसत इथं आली. म्हणे, ते कुठं बसत? मी दाखवलं. तं त्यांच्या जागेवर नाही बसली, बाजूले बसली. मी ताट वाढलं. तिनं एक घास घेतला, डोळे मिटले अन् म्हणे, 'बाई, सुंठ जास्त झाली.' त्या दिवशी मले राग नाही आला जी." बाईंनी पदराने तोंड पुसलं. "मंग रडली. म्हणे, दर साली मिरच्या धाडत होती, तरी समजलं नाही काय? रागानं गेलेल्या बाईले घ्यायले मानूस यावा लागते. कोनीबी आलं असतं तं मी निघाली असती."

कोणीही आलं असतं तर! ते कोणी म्हणजे मी होतो. एका रविवारचं काम, आणि तो रविवार मला पाच वर्षांत सापडला नाही. "शेवटी शेवटी तं तुमचीच वाट पाहत," गयाबाई सांगत होत्या. "दुपट्टा ठेवला का लोक पुसत, कोन येऊन राहिलं? तं म्हणत, पहिले पुण्यावाला येऊन राहिला, मंग ती." माझ्या मराठीत याचा अर्थ मी आलो आणि राहिलो असा होतो, त्यांच्या मराठीत मी वाटेत आहे असा. दोन्हीकडून मी त्यांना खोटं पाडलं.

परतीच्या दिवशी स्टेशनावर चौकशीच्या खिडकीत दुसरे कोणी गृहस्थ होते. पुण्याच्या गाडीचं विचारलं. तेही मान वर न करता म्हणाले, "येऊन राहिली." मी धावलो नाही. सावकाश जिना उतरलो, बाकावर बसलो आणि काय मनात आलं कोण जाणे, खांद्यावरच्या टॉवेलाची घडी करून शेजारच्या जागेवर ठेवली. गर्दी होती. डोक्यावर गाठोडं घेतलेले एक म्हातारे समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "इथं कोनी येऊन राहिलं का जी?"

मी म्हटलं, "नाही बाबा, कोणी नाही. बसा." आणि टॉवेल उचलून घेतला.