'कास्ट नो बार' कोणी लिहावं

मुलाच्या बायोडेटावर अगदी खाली, जाड इंग्रजी अक्षरांत छापलं होतं: 'कास्ट नो बार'. त्या तीन शब्दांवर विश्वास ठेवून, जातीचा विषयही न काढता, मी पाहुण्यांना घरी बोलावलं. त्याआधी महिनाभर तो आणि माझी मुलगी फोनवर बोलत होते. तो तिला आवडला होता, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

आर्णीत माझा जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा आहे. आमच्या बंजारा तांड्यावरून आलो तेव्हा हातात पाना तेवढा होता. भाव करताना मी कोणाला सोडत नाही, तोंडही सुटतं माझं. पण विकायच्या ट्रॅक्टरवर 'इंजिन ओके' लिहिलं, तर ते ओकेच असतं. नसलं तर गिऱ्हाइकानं माझी कॉलर धरावी.

पाहुणे यवतमाळहून आले. पोहे झाले. मग माझी आई, आम्ही याडी म्हणतो, आरशांचा घागरा सावरत बाहेर आली आणि मुलाच्या काकांचा चमचा थांबला.

"तुम्ही तांड्यावरचे काय?"

"हो. काहून?"

"नाही, मले वाटलं आर्णीचेच असान."

"बायोडेटावर तर कास्ट नो बार लिहिलं ना तुम्ही?"

काका हसले. "ते सगळेच लिहितात जी. टाइप करणाऱ्याजवळ तयारच राह्यते."

"तयार राह्यते म्हणून लिहिता? मग मी भंगारावर 'नवीन' लिहू काय?"

बायको डोळ्यांनी दटावत होती, म्हणून मी चहाचं विचारलं. मुलगा मोबाइलमध्ये बघत होता.

संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला. मुलगी समोरच बसली होती.

"भाऊ, मानले ते. फक्त पत्रिकेवर तांड्याचं नाव नको म्हणतात. अन् लग्नात आजीले साडी नेसवा. थोडं तुम्ही सोडा, थोडं ते सोडून राह्यले."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलीनं विचारलं, "काका, हे त्याच्या घरचे म्हणतात, का तोही म्हणते?"

"तोही म्हणते, बेटा."

"मग त्याले सांगा, ते कास्ट नो बार खोडून टाक. आजी माझी घागऱ्यातच राहीन."

तिनंच फोन बंद केला आणि आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

त्यांनी नकार दिला असता तर मी चार शिव्या देऊन विसरलो असतो. जातीतलीच मुलगी हवी तर तसं लिहावं, सरळ मराठीत, मोठ्या अक्षरांत. मी तो कागद वाचून बाजूला ठेवला असता, आणि माझी पोर महिनाभर त्या फोनवर तशी हसली नसती.