भुऱ्याची दाढ

बोरी अरब गावच्या बाजारात वडाखाली दात काढायला बसणारा मोहिउद्दीन म्हणजे भारी तोऱ्यातला माणूस. बाप त्याच जागी बसायचा, हाही तिथंच. समोर लाल फडकं, त्यावर आजवर काढलेल्या दातांचा ढीग, शेजारी लवंगेच्या तेलाची बाटली आणि दात उपटायचा बापाचा जंबूर. गाल धरून कण्हत आलेल्या माणसानं तो ढीग पाहिला की त्याला अर्धा धीर तिथंच यायचा. "पाटलाची दाढ याच जंबुरानं काढली," हे मोहिउद्दीन दर गिऱ्हाइकाला ऐकवायचा. पाटलाला ती दाढ आठवत असो नसो, याला पक्की आठवायची.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. त्याच्या समोरच तांड्यावरची धनीबाई डिंक आणि चारोळी विकायला बसायची. बाई एकटी. घरी थोड्या बकऱ्या आणि त्या राखायला भुऱ्या नावाचा कुत्रा. बाजारालाही तो तिच्यामागं यायचा, आणि खाटकाच्या दुकानामागं हाडूक सापडलं की कडाकडा फोडत बसायचा.

त्या हिवाळ्यात भुऱ्याच्या उजव्या डोळ्याखाली गाठ आली. फुटली, पू गेला, जखम भरली. सुटला बिचारा, असं वाटलं. पण थोड्याच दिवसांत त्याच जागी पुन्हा सूज, पुन्हा पू. धनीबाई हळद-तेल लावून थकली. कुणी म्हणालं काटा रुतला, कुणी म्हणालं डोळाच जाते आता.

मोहिउद्दीनला मात्र पहिल्या दिवशीच कळलं होतं. भुऱ्या भाकर एकाच बाजूनं चावायचा, तुकडा मध्येच टाकून द्यायचा, लाळ गाळायचा. जवळून गेला की तोंडाची घाण नाकात बसायची. दाढ मुळाशी सडली की पू हाडातून वाट काढतो आणि गालावर येऊन फुटतो. माणसांचे असे गाल त्यानं किती पाहिले होते! कुत्र्याच्या वरच्या मोठ्या दाढेचं मूळ तर थेट डोळ्याखाली. दाढ आत आहे तोवर बाहेरची जखम कितीदा भरली तरी फुटणारच. हे सगळं ठाऊक, आणि हा बाबा गप्प! अहो, तोंड उघडायला याचं काय जात होतं? जात होतं ना. 'कुत्र्याचे दात काढणारा' असं एकदा नाव पडलं, तर मग कोणता माणूस त्या जंबुरापुढं जबडा उघडणार होता?

शेवटी एका बाजारात धनीबाईनं स्वतःच विचारलं. "भाऊ, याच्या तोंडाचा लय वास येते. दाताचं तं नसन? पाह्यता का जरा?"

शेजारचा गूळवाला बबनराव, त्याला तेवढंच पाहिजे होतं. "पाह्य ना रे मोहिद्दीन! आज कुत्रा, उद्या गाढव!" आजूबाजूचे खो-खो हसले.

मोहिउद्दीनचे कान तापले. "मी मानसाचे दात काढतो बाई. ढोराचा दवाखाना दारव्ह्याले हाय."

"मोटारीत कुत्र्याले घेत नाही जी," ती म्हणाली. तो दुसरीकडं पाहून गिऱ्हाइकाला हाक मारायला लागला.

तो घरी आला. बायको जैबुनबी तांदूळ निवडत होती, तिला त्यानं सगळं सांगितलं. वर आपली बाजूही मांडली, "कुत्ते की लार है. नापाक होती है."

"तो हाथ धो लेना," तिनं मान वर न करता म्हटलं. "घर में पानी नहीं है क्या?" झालं, तोही आडोसा गेला.

पुढच्या बाजाराला भुऱ्या आलाच नाही. पडून राहतो, खात नाही, डोळा मिटला, असं धनीबाईनं सांगितलं. मोहिउद्दीन इकडंतिकडं पाहून पुटपुटला, "उद्या उजाडताच नदीच्या पल्याड आन त्याले, बाभळीखाली. पन कोनाले सांगू नको."

चोरी करायला निघाल्यासारखा तो जंबूर उकळून, फडक्यात लपवून घेऊन गेला. भुऱ्याला घोंगडीत गुंडाळलं, धनीबाईनं दाबून धरलं, जबड्यात आडवा दांडका बांधला. ओठ वर केला तर दाढ उभी चिरलेली, भोवतीची हिरडी काळी पडलेली. मूळ तुटून आत राहिलं तर दुखणंही आतच राहणार, म्हणून तो घाई न करता दाढ हलवत राहिला. भुऱ्या विव्हळत होता. शेवटी तिन्ही मुळांसकट दाढ बाहेर आली, मागून भळभळा पू आला. लाल दवेच्या पाण्यानं त्यानं जागा धुतली. "हाडूक देऊ नको. ताकात भाकर कुस्करून दे."

सोडल्याबरोबर भुऱ्यानं त्याचं मनगट चाटलं. मोहिउद्दीनला त्याच्याकडं बघवेना.

सूज उतरली, डोळा उघडला, जखम भरली ती पुन्हा फुटली नाही. आणि भर बाजारात धनीबाई भुऱ्याला घेऊन आली. आनंदात तिला काही भान राहिलं नाही. "पाहा वो, डोळा वाचला याचा! मोहिद्दीनभाऊनं दाढ काढली!"

फडक्यापुढं एक गिऱ्हाईक आ वासून बसलं होतं. त्यानं खाडकन तोंड मिटलं. बबनराव ओरडला, "याच जंबुरानं काय रे?"

"मी?" मोहिउद्दीन म्हणाला. "मी कायले काढू कुत्र्याची दाढ? दुसरा कोनी असन."

धनीबाईच्या हातून भुऱ्याची दोरी सुटली. भुऱ्याला काय कळतंय! तो सरळ आला, मोहिउद्दीनच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि बरा झालेला गाल त्याच्या हातापुढं वर केला. साऱ्यांनी पाहिलं. लाजेनं मोहिउद्दीनची मान वर होईना.

धनीबाईनं हळूच भुऱ्याची दोरी ओढून घेतली. "हो जी, माह्यंच चुकलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुमच्यासारखाच दिसे तो मानूस. पन तो लय चांगला होता."

ती निघाली. गिऱ्हाइकानं पुन्हा तोंड उघडलं. नाव वाचलं होतं, धंदा वाचला होता. मोहिउद्दीननं जंबूर उचलला, पण हात पुढं जाईना. तो तसाच उठून उभा राहिला आणि बाजारभर ऐकू जाईल असा ओरडला, "धनीबाई! मीच होतो वो! मीच काढली दाढ, याच जंबुरानं!"

गिऱ्हाईक गाल धरून उठून गेलं. बबनराव पोट धरून हसत होता. भुऱ्यानं मागं वळून पाहिलं. धनीबाईनं पाहिलं नाही.