टोस्ट कॉफीत किती वेळ

दुपारची जेवणं आटोपल्यावर प्रमिलाबाई दिवाणावर आडव्या होतात. झोपायचं नसतंच त्यांना. पाठ टेकायची, पाच मिनिटं डोळे मिटायचे आणि उठून ते तिरामिसू पुन्हा करून बघायचं, असा बेत. पंखा सावकाश फिरतोय. शेजारच्या खोलीत नात जुई चित्र रंगवत बसलीय. खडू डब्यात टाकल्याचा, पुन्हा काढल्याचा आवाज येतो. त्या आवाजाला धरून प्रमिलाबाई जाग्या राहायला बघतात, पण आवाजच मऊ होत होत हातातून निसटत जातो.

उद्या जुईला नऊ वर्षं पूर्ण होतील. आई गेल्यानंतरचा तिचा हा पहिला वाढदिवस. दर वाढदिवसाला वृषाली, म्हणजे जुईची आई, घरीच तिरामिसू, कॉफीत भिजवलेल्या थरांचा तो इटालियन गोड पदार्थ, करायची. त्याला लागणारं परदेशी सामान बार्शीत कुठलं मिळायला? बेकरीतला साधा टोस्ट, घरच्या दह्याचा चक्का, क्रीमचं पाकीट, पिठीसाखर, कॉफी आणि वरून भुरभुरायला कोको, एवढ्यावर ती भागवायची. मागच्या आठवड्यात जुईनं विचारलं, "आजी, मम्मीचं तिरामिसू तुला येतं?" आणि छत्तीस वर्षं पहिलीच्या पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेल्या प्रमिलाबाई पटकन बोलून गेल्या, "येतं की. तिनंच शिकवलंय मला."

वृषालीनं शिकवलं नव्हतं आणि यांनी कधी विचारलं नव्हतं. मुलाला, हेमंतला, विचारलं तर तो म्हणाला, "आई, मी फक्त खायचो गं."

आज सकाळी त्यांनी एकदा करून पाहिलं. चक्का हातात आला मात्र, हातानं आपलं नेहमीचं काम केलं. वेलची गेली, जायफळ किसलं गेलं, चार काड्या केशरही पडलं. थाळीत टोस्ट मांडून त्यावर पातेल्यातून कॉफी ओतली, तर टोस्टांचा लगदा झाला. जुईनं चमचा तोंडात घातला आणि तो चाटून वाटीत ठेवला. मग म्हणाली, "आजी, हे श्रीखंड आहे. ओलं श्रीखंड." आणि त्याहून हळू, "तुला येतं ना पण नक्की?"

"येतं गं. आज हात चुकला."

जुईनं मान हलवली. ती मान कशी हलली, ते प्रमिलाबाईंच्या मनातून जात नाही. अजून ते दिसतंय, पंख्याच्या पात्यांमधून, एकदा, पुन्हा एकदा.

"आई, दही उतरवा. चार तास होऊन गेले."

प्रमिलाबाई उठतात. स्वयंपाकघरात ओट्यापाशी वृषाली उभी आहे. केस वर गुंडाळलेले, ओढणी कमरेला खोचलेली.

"तू कधी आलीस?"

"मी कुठे गेले होते?"

"अगं, तू तर दवाखान्यात..." पुढचं वाक्य प्रमिलाबाईंना सापडत नाही. काहीतरी झालं होतं, मोठं काहीतरी झालं होतं, सगळा वाडगाभर चक्का खाली सांडावा तसं. पण काय, ते आठवत नाही.

"ते झालं की," वृषाली म्हणते. "दही उतरवा आधी. आंबट होईल."

दह्याचं फडकं नळाला टांगलंय. प्रमिलाबाई गाठ सोडायला जातात, तर वर नळ नाही, शाळेच्या घंटेची साखळी आहे. त्यांच्याच शाळेचा व्हरांडा. आत त्यांचा वर्ग. बाकांवर मुलं नाहीत, एकेक टोस्ट उभा करून ठेवलाय, शहाण्यासारखा. प्रमिलाबाई सवयीनं खुर्चीकडे जायला निघतात, आणि बघतात तो त्या पहिल्या बाकावर मांडी घालून बसलेल्या. फळ्यापाशी वृषाली.

"जायफळ कोणी घातलं?" वृषाली विचारते.

प्रमिलाबाईंचा हात आपोआप वर जातो. "सवयीनं गेलं गं."

"तुमचा हात माझं ऐकतच नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय."

"आता ऐकतोय. सांग."

"चक्का पुरणयंत्रातून काढायचा. पिठीसाखर घालायची. वासाचं काहीही घालायचं नाही. वास कॉफीचा येऊ दे. मग फेटलेलं क्रीम. घोटायचं नाही हं आई, खालून वर घ्यायचं. हलक्या हातानं."

"किती हलक्या?"

"झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करतो ना, तेवढ्या."

प्रमिलाबाईंच्या मांडीवर वाडगा आहे. त्या खालून वर घेतात, पुन्हा खालून वर. चक्का आणि क्रीम एक होतात. इतकं सोपं होतं तर आपण विचारलं का नाही, असं त्यांच्या मनात येतं. वृषाली म्हणते, "फ्रिजमधून कॉफी काढा. गार झाली असेल."

फ्रिजचं दार उघडतं तर आत लांबच लांब बोळ आहे. दोन्ही बाजूंना लोखंडी बाकडी, फिनेलचा वास, पांढरा उजेड. हा बोळ प्रमिलाबाईंच्या ओळखीचा आहे. इथे त्या अकरा दिवस बसल्या होत्या. टोकाच्या बाकड्यावर वृषाली बसलीय, शेजारी कॉफीची थाळी, टोस्टचा पुडा.

"मी तुला बोलले होते," प्रमिलाबाई म्हणतात. "टोस्ट भिजवायला काय अक्कल लागते, म्हणाले होते. पाहुण्यांसमोर."

"हो. आणि तीन वाट्या खाल्ल्यात. पाहुण्यांसमोरच."

"तुला राग आला होता?"

"आला होता. तिसरी वाटी मागितलीत तेव्हा गेला." वृषाली थाळी पुढे सरकवते. "बुडवा. लवकर, कॉफी गार होतेय."

"गारच हवी ना?"

वृषाली कपाळावर हात मारते. "हो की. गारच. हल्ली माझंही सगळं उलटसुलट होतं."

प्रमिलाबाई टोस्ट तीन बोटांत धरून कॉफीत बुडवतात. एक, दोन, तीन, चार, पाच. उचलायला जातात तर अर्धा टोस्ट थाळीतच राहतो. दुसरा घेतात. यावेळी एकच म्हणून काढतात. आत कोरडा ठणठणीत. तिसरा पुन्हा तुटतो.

"किती मोजायचं गं?"

"मला नाही माहीत."

"असं कसं? तूच तर करायचीस."

"बुडवायची मी. मोजायची जुई. ओट्यावर बसायची माझ्याशेजारी, मनातल्या मनात मोजायची, आणि थांब म्हणाली की मी टोस्ट वर काढायची. किती मोजते ते मी कधी विचारलंच नाही. आमचं तसंच होतं."

प्रमिलाबाई घाबरतात. पहिल्यांदाच त्यांना सगळं स्वच्छ आठवतं, उद्या काय आहे, कोण नाही, कोण शेजारच्या खोलीत रंगवत बसलंय. "अगं, पण मी तिला येतं म्हणून सांगितलंय. तुझ्या नावावर सांगितलंय. आता नाही म्हटलं तर ते पोर कोणावर विश्वास ठेवील?"

"तुमच्या वर्गात एखादं पोर येतं येतं म्हणायचं, आणि यायचं नाही. तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"मी? मी त्याला रागवायची नाही. शेजारच्या पोराला म्हणायची, तुला येतं ना, मग तू याला दाखव."

"मग?"

"मग काय? शिकायचं ते."

वृषाली नुसती बघते. तशीच बघायची ती, समोरच्याला उमगेपर्यंत. प्रमिलाबाईंना खूप काही विचारायचंय. तिकडे कसं आहे, दुखतं का अजून, जेवतेस का. पण बोळाच्या दोन्ही बाजूंची बाकडी हळूहळू वर्गातली होतात, वर्ग ओट्याएवढा होतो, आणि पांढरा उजेड पडद्याच्या कडेनं आत येतो.

पंखा फिरतोय. ऊन भिंतीवरून उतरून दिवाणापर्यंत आलंय. दारात जुई उभी आहे, हातात रंगवलेला कागद. प्रमिलाबाई उठून बसतात. अजून नीट जागही आलेली नाही, तरी त्या बोलून टाकतात, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता.

"जुई, मला तिरामिसू येत नाही. मी खोटं बोलले. तुझ्या मम्मीनं मला शिकवलं नव्हतं."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"सकाळपासून. जायफळ."

प्रमिलाबाईंना हसू येतं आणि डोळेही भरतात. "मग तू शिकव मला. टोस्ट बुडवताना मोजायचं काम तुझं होतं ना?"

जुईच्या हातातला कागद खाली येतो. "तुला कोणी सांगितलं? ते फक्त मम्मीला न् मला माहीत होतं."

स्वप्नात सांगितलं म्हणावं, तर ते स्वप्न होतं का, हेच प्रमिलाबाईंना आता सांगता येत नाही. त्या नातीला जवळ घ्यायला हात पुढे करतात, आणि जुई तो हात मध्येच धरते. उलटा करते. उजेडाकडे नेते.

तीन बोटांची टोकं पहिल्या पेरापर्यंत तपकिरी झालीत. अजून ओली आहेत. प्रमिलाबाई बघतच राहतात. सकाळी कॉफी त्यांनी पातेल्यातून ओतली होती, बोट लावलं नव्हतं. जेवण झाल्यावर हात साबणानं धुतले होते.

जुई बोटं नाकाशी नेते. एक मोठा श्वास घेते आणि श्वास तसाच धरून ठेवते, बराच वेळ. मग आजीकडे बघून, वर्गातल्या बाईंसारखी भुवई उंचावून म्हणते,

"टोस्ट खूप वेळ धरलास, आजी. मम्मीची बोटं एवढी नाही रंगायची."