यानशेठ डोंगरावर गेले

यानशेठ पहिल्यांदा बऱ्हाणपूरला आले तेव्हा झेंडूचा हार मी त्यांच्या दुभाष्याच्या गळ्यात घातला. परदेशी शेठ केळी बघायला येणार म्हटल्यावर मी गोरापान, भुऱ्या केसांचा माणूस शोधत होतो आणि गाडीच्या मागच्या सीटवरून तसाच एक उतरला. तो निघाला दिल्लीचा. पुढे ड्रायव्हरशेजारी जाड भुवयांचा, काळ्याभोर मिशांचा, खंडव्याच्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्यासारखा दिसणारा गृहस्थ बसला होता. त्याला मी म्हणालो, "भैया, गाडी जरा नीम के नीचे लगवा दो." तो मुकाट्याने उतरला, ड्रायव्हरला बाजूला सरकवलं, स्वतः गाडी लावून आला आणि मला म्हणाला, "ठीक लगाया?"

दुभाषी हार गळ्यात घेऊन पुतळ्यासारखा उभा. सुनंदा, म्हणजे आमची ही, दारात आरतीचं ताट घेऊन हसू दाबत होती. आईने तर पदरच तोंडात कोंबला.

हे गृहस्थ आर्मेनियाचे. नाव लांबलचक होतं, शेवटी 'यान' यायचं. आमच्या मंडीने तेवढंच ठेवलं आणि पुढे 'शेठ' जोडलं. दुबईत फळांची गोदामं, मॉस्कोत दुकानं, असा मोठा पसारा. पण कधी मागच्या सीटवर बसले नाहीत. "पीछे बैठो तो आदमी का सिर्फ गर्दन दिखता है," म्हणायचे. कॉलेजात असताना भोपाळची दोन पोरं त्यांच्या खोलीत होती. त्यामुळे त्यांची हिंदी मोडकी, शिव्या मात्र अस्सल भोपाळी. मला ते 'सुरेशजान' म्हणत. त्यांच्याकडे नावापुढे प्रेमाने असं 'जान' लावतातच म्हणे. आमच्या गाळ्यावरच्या हमालांना एवढं कारण पुरलं. पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला मी अजूनही तिथे सुरेशजानच आहे.

माल बघायला ते स्वतः बागेत शिरायचे. पहिल्याच दिवशी दापोऱ्याच्या बागेत पांढरा शर्ट घालून आले. मी म्हटलं, "शेठ, केळीचा चीक कपड्यावरून जात नाही." त्यांनी बाही वर केली आणि सरळ घडाला मिठी मारली. सुनंदाने नंतर तो शर्ट लिंबू लावून घासला, रॉकेल लावून घासला. डाग होता तसाच. पुढच्या खेपेला शेठ तोच शर्ट घालून हजर.

जेवणावरून मात्र आमच्या हातून त्यांचा जीव जायची वेळ आली होती. आपल्याकडे पाहुण्याने 'पुरे' म्हणेपर्यंत वाढत राहायचं असतं. एकदा पुरे म्हटल्यावरही वाढायचं, कारण पहिलं पुरे लाजेचं असतं. आणि त्यांच्याकडची रीत अशी, की घरधन्याने पुढे केलेली भाकरी नाकारली तर त्याचा अपमान होतो. आई वाढत होती, शेठ खात होते. "खा रे बापा, लाजू नको," आई म्हणे आणि आणखी एक पुरणपोळी टाके. तिच्या मनात, काय भुकेलेलं लेकरू! आठव्या पोळीला शेठने कपाळ पुसलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "सुरेशजान, ये खतम कब होता है?"

त्यांच्या जेवणात एक काम आटोपल्याशिवाय उठायचं नसे. हातात पेला घ्यायचा, उभं राहायचं आणि कुणासाठी तरी चार शब्द बोलायचे. आमच्याकडे पेल्यात ताक. त्या दिवशी ताक उंच धरून ते भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या फोटोकडे वळले. "इस आदमी को मैं नहीं मिला. लेकिन इसका लगाया हुआ बाग का केला मेरे देस का बच्चा खाता है. तो मिला ही समझो." आई डोळे पुसत म्हणाली, "इतकं चांगलं तर ह्यांच्या तेराव्यालाही कोणी बोललं नाही." तिचा रोख माझ्याकडे होता. तेराव्याला मीच बोललो होतो.

निंबोल्याच्या शेतात माझा नि चुलतभावाचा बांधावरून वाद आहे. दोन हात रुंदीचा तुकडा, पण नकाशे, मोजणी, तहसील, सगळं झालं. एकदा मी ते सारं प्रकरण शेठना उत्साहाने समजावून सांगितलं. ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "उधर रात को सोता कौन है?"

"चुलतभावाचा सालदार, वर्षावर ठेवलेला गडी. खाट टाकतो बांधावर."

"तो जमीन सालदार का."

मी हसलो. ते हसले नाहीत. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी आपल्या आजीच्या गावाचं सांगितलं. डोंगरातला पट्टा, अक्रोडाची झाडं, आणि दोन देश म्हणतात, आमचा. राहणारे बहुतेक यांचे लोक, नकाशावर मात्र तो दुसऱ्या देशाचा. दोनदा लढाया झाल्या. "दूसरे लोग का भी घर था उधर," ते म्हणाले. "उनको भी भगाया. उनका भी दादी होगा." मग बराच वेळ केळीच्या पानाची चिरफाड करत बसले.

त्यानंतरच्या खेपेला ते माल बघायला आले नव्हते, निरोप घ्यायला आले होते. गोदामं-दुकानं भाच्याच्या हवाली केली होती आणि त्या डोंगरावरच्या लोकांनी स्वतःच थाटलेल्या सरकारात मंत्री व्हायला निघाले होते. आमच्या शेजारच्या गाळ्याचे नानाभाऊ पान थुंकायचे थांबले. "आपल्याकडे आधी मंत्री होतात, मग शेठ. हा गडी उलटा कसा चालला?"

मी दिवसभर त्यांना समजावलं. तिथे तोफा आहेत, वय झालं, तुम्हाला राजकारणातलं काय कळतं. खरं सांगायचं तर यातली निम्मी काळजी त्यांची होती आणि निम्मी माझ्या गाळ्याची. असं गिऱ्हाईक परत कुठून आणायचं? त्यांना ते कळत असणारच. म्हणाले, "सुरेशजान, चालीस साल मैं उस गाँव के नाम से ग्लास उठाया. ग्लास उठाना बहुत आसान है."

मंत्री म्हणून ते फार मोठे होते अशातला भाग नाही. सरकारही दुकानासारखं चालवायला गेले. सकाळी सातला कचेरी उघडी पाहिजे म्हणून अडून बसले, म्हाताऱ्या अधिकाऱ्यांना चिडवून ठेवलं. 'पैसेवाला आला आणि आम्हाला शिकवू लागला,' असं तिथले लोकही बोलत. हे मला फोनवर सांगून तेच खो खो हसायचे.

मग डोंगरावर जाणारा एकुलता एक रस्ता त्या दुसऱ्या देशाने अडवला. महिनोन्महिने बंद. एका दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. ओव्हरकोट घालून बाजारात उभे होते. वाळले होते. फोन फिरवून त्यांनी फळांची रिकामी मांडणी दाखवली. "देखो, केले का व्यापारी, और दुकान में एक केला नहीं."

सुनंदाने माझ्या हातून फोन ओढून घेतला. "भाऊ, तुम्ही निघा तिथून. काही ओळखीपाळखी लावा, पण निघा. आमची वरची खोली रिकामीच आहे."

"भाभी, मैं निकला तो सब को मालूम पड़ेगा कि अब कुछ बचा नहीं. बोलेंगे, शेठ था, शेठ के माफिक चला गया."

"मग सगळेच निघाले तर?"

"तो सब के पीछे मैं."

आणि तसंच झालं. एक दिवस तोफा आल्या आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी डोंगरावरच्या सरकारने हात टेकले, सगळं संपलं. अडवलेला रस्ता आता उघडला. त्या पट्ट्यातले लोक गाद्या, म्हाताऱ्या, कोंबड्या गाड्यांवर लादून डोंगर उतरू लागले. त्यांची रांग आम्ही फोनवर पाहत होतो. यानशेठ गावोगाव फिरून कोणी मागे राहिलं नाही ना, ते बघत होते. सगळ्यांच्या मागून ते निघाले आणि चौकीवर त्यांना ओळखून उतरवून घेतलं. तेव्हापासून ते त्या दुसऱ्या देशाच्या तुरुंगात आहेत. खटला चालू आहे, ज्या भाषेत चालू आहे ती आम्हाला वाचता येत नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मी फोनमध्ये त्यांचं नाव टाकतो. बहुतेक दिवशी नवं काही नसतं.

परवाही नव्हतं. मी चिडलो. म्हणालो, "जन्मभर शहाणा माणूस, आणि शेवटी असं! रस्ता बंद व्हायच्या आत उतरला असता तर आज दुबईत पाय पसरून बसला असता."

सुनंदा मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शहाणी माणसं रोज दहा येतात तुमच्या गाळ्यावर. त्यांतल्या एकाची तरी बातमी तुम्ही असं उठल्या-उठल्या शोधता का?"