मलप्पा मिस्त्री आणि गुरुपादप्पाची व्हॅन

मलप्पा मिस्त्रीनं उभ्या आयुष्यात एकच गोष्ट कमावली होती, ती म्हणजे नाव. देवणीच्या रस्त्यावर एखादी गाडी खोकली, की माणसं आधी त्याचं नाव घेत, मग देवाचं. ते नाव बुडवायला गुरुपादप्पा दुकानदाराची जुनी व्हॅन पुरली.

दसरा झाला नि व्हॅन गॅरेजात आली. चढाला इंजिन बोंबलायचं, गाडी मात्र जागची हलायला तयार नाही. वर जळका वास. मलप्पानं गिअरबॉक्स उतरवला. इंजिनाच्या मागच्या, तेल अडवणाऱ्या सीलातून तेल गळून क्लचप्लेट तळलेल्या पापडासारखी निथळत होती. नवं सील, नवी प्लेट. दिवाळीच्या आत व्हॅन परत, तेच दुखणं. पुन्हा सील, पुन्हा प्लेट. मग ती तिसऱ्यांदा आली, तीही टेम्पोमागं दोर बांधून, भर बाजारातनं.

तोवर गुरुपादप्पानं दुकानात बसून निकाल लावला होता. "मलप्पाचा हात गेला. उदगीरला न्या गाड्या." साखर तोलता तोलता हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट बांधून देई. गाड्या उदगीरला जाऊ लागल्या.

या वेळी मलप्पानं पान्याला हातच लावला नाही. नुसता बघत बसला. दोन सीलं वाईट निघतील कशी? आतून कुणीतरी ढकलतंय. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी त्यानं चाचपली. तोंड गच्च. पकडीनं ओढलं, तर नारळाची शेंडी निघाली. कुंकवासकट.

"मालक, हे काय हाय?"

"खंडेनवमीचं हाय ते," गुरुपादप्पा म्हणाला. "गाडीची पूजा करत होतो, अन् ह्या नळीतून काळं तेल टपटप रांगोळीवर! अपशकुन न्हाई का? म्हणून बोळा कोंबला."

"ती इंजिनाची नाकपुडी हाय, मालक. बुजवली की वाफ सील फोडून निघती."

"मग दोनदा गाडी उघडलीस, तवा तुझे डोळे कुठं होते?"

मलप्पालाही ते पटलं. खरंच बघायला हवं होतं.

व्हॅन सुधारली. बाजारात बातमी मात्र वेगळीच पोचली: "तिसऱ्यांदा लागला बगा अंदाज त्याचा." मलप्पानं चहाच्या टपरीवर शेंडीची हकिकत सांगितली, तर टपरीवाला भुजंग म्हणाला, "हात चुकला तर चुकला म्हन की. देवाच्या नारळावर कशाला घालतूस?" सगळी टपरी खो खो हसली.

पुरावा म्हणून मलप्पानं ती शेंडी गॅरेजाच्या दाराला खिळ्यावर टांगली. लोकांना वाटतं, नजर लागू नये म्हणून आहे.

परवा जळकोटचा अमरनाथ धूर ओकणारी जीप घेऊन दारात थांबला. शेंडीला हात जोडले आणि विचारलं, "मामा, उदगीरला भरोशाचा मिस्त्री कोण हाय?"

मलप्पानं हात पुसले नि उदगीरच्या एका मिस्त्रीचं नाव सांगितलं.