दिरानं सांगितलेलं दुखनं

तालुक्याच्या दवाखान्याच्या ओट्यावर त्या दिवशी कोन कोन हुतं, ते आधी सांगते. माझी सासू सोनाबाई. तिचा धाकटा लेक, माझा दीर किसन. आमच्या गावचा म्हातारा पाटील, त्याचा गाडीवान. कंपौंडर. आन मी. डाक्तर आत हुता.

पाटलाला खोकला झाल्ता. बैलांच्या दमनीत गादी टाकून आनला त्याला. आत खुर्चीवर बसवून छाती तपासली. माझी सासू त्याच्याच उमरीची. ती चार कोस चालत आल्ती. घडीघडी बसायची. "उलीसं थांब गं," म्हनायची.

लढाईची सालं ती. माझा नवरा पलटनीत. आमची वस्ती गावकुसाबाहेर, पानी ओढ्यातल्या झिऱ्याचं. वाटीवाटीनं हंडा भरायचा आन चढ चढायचा. सासूनं साठीतबी हंडा सोडला न्हाई.

आमच्यात रीतच हुती. बाई आजारी पडली का दवाखान्यात गडी जायचा. तोच दुखनं सांगायचा, तोच औशिदाची बाटली आनायचा. बाई घरीच. किसन दोनदा जाऊन आल्ता. लेकाला आई काय सांगनार? पोट दुखतंय म्हनली. त्यानं तेच सांगितलं. कंपौंडरनं जुलाबाचं औशिद दिलं. दोन बाटल्या. कुंथून कुंथून म्हातारी अर्धी झाली.

मंग मी तिच्या लुगड्याला रगत बघितलं. लई इचारलं तवा तिनं दाखवलं. अंग बाहेर आल्तं, गर्भाची पिशवी. मुठीयेवढं. वर चिंधी बांधून पानी वहात हुती.

म्हनून तिसऱ्या खेपंला मी तिलाच नेली.

कंपौंडर म्हनला, "बाटली दे."

"बाटली न्हाई. डाक्तरनं हिला बघावं."

"सोबत गडीमाणूस कोण आहे? त्याला बोलू दे. तू खाली हो."

किसन खाली बघत म्हनला, "पोट दुखतंय, साहेब."

पाटील बाहेर येत हुता. हसला. "साठी झाली का बायांना कायतरी दुखतंच. काम नको असतं. आमच्या घरातली बी सारखी कन्हत असती." गाडीवानबी हसला. कंपौंडरबी.

सासू पायरीवर बसल्ती. ती बी हसली. लाजून. ते हसू बघितलं आन माझ्या अंगाची आग झाली.

खाली उतरलेली मी परत ओट्यावर चढले. म्हनले, "पोट दुखत न्हाई. हिचं अंग बाहेर आलंय. रगत जातंय. आन तुमी जुलाब देताय."

पाटलानं तोंड फिरवलं. किसन उठून रस्त्यावर गेला. सासूनं पदर तोंडावर वढला.

डाक्तर आतनं आला. आमाला आत घेतलं. सासूला इचारलं, "किती वर्षं झाली?"

ती पदरातनं बोलली, "किसन झाला तवापासनं."

किसन वीस वर्साचा हुता.

डाक्तर म्हनला, "इथं ऑपरेशन होणार नाही. नगरला बायकांच्या दवाखान्यात न्या. फार उशीर केलात."

घरी येऊन सासू म्हनली, "चारचौघांत नागडी केलीस मला." नगरला गेली न्हाई. लई इनवन्या केल्या. दिवाळीच्या आत वारली.

मी बोलले त्याचं मला वाईट वाटत न्हाई. नऊ वर्सं एका चुलीपाशी बसून मी तिला कदी इचारलं न्हाई, त्याचं वाटतं.

त्यानंतर वस्तीतल्या कुठल्या बाईची बाटली मी गड्याच्या हाती जाऊ दिली न्हाई. बाईलाच न्यायची. पाठीवर घेऊन नेलीया. गडी कुठंय म्हनून इचारलं का सांगायचे, "दुखनं हिचं हाय. हीच सांगंल." शिव्या खाल्ल्या. पन मागं फिरले न्हाई.

आता मी म्हातारी झाले. माझं दुखनं मी सांगनार. लेकासमोर, डाक्तरसमोर, मोठ्यानं. लाज वाटंल त्यानं बाहेर जावं.

वाचनाऱ्याला येवढंच मागनं हाय. घरातल्या म्हातारीपाशी बसा. काय हुतंय ते इचारा. ती "काय न्हाई" म्हनंल. तिथनं उठू नका.